पाठदुखी आणि अंथरूण : गादीची निवड व निगा

माणूस आपल्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अंथरुणावर घालवितो. तरीही धान्य, कपडालत्ता आणि भांडीकुंडी यांच्या निवडीत जेवढा विचार होतो, तेवढा अंथरुणाच्या निवडीत होत नाही. एकदा घरात आलेली गादी पंधरा-वीस वर्षे वापरली जाते. तिच्या मध्यभागी खळगा पडतो, कापसाचे गोळे होतात, आणि सकाळी उठताना कंबर धरली की दोष वयाला दिला जातो. याउलट, काही कुटुंबे जाहिरातीवर भिस्त ठेवून ऐपतीबाहेरची गादी खरेदी करतात आणि मूळ दुखण्याची तपासणी मात्र लांबणीवर टाकतात. पहिल्या प्रकारात शरीराची, तर दुसऱ्या प्रकारात पैशाची आणि शरीराची अशी दुहेरी हानी होते.

हा प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या कारणांमध्ये कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला लागतो. वाकून निंदणी करणारी शेतमजूर स्त्री, उसाच्या मोळ्या वाहणारा तोडणी कामगार, खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी हाकणारा चालक, दिवसभर खुर्चीत बसणारा लिपिक आणि फळ्यापुढे उभा राहणारा शिक्षक या सर्वांची पाठ वेगवेगळ्या रीतीने झिजते. मात्र ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याची कंबर धरली की त्या दिवसाची चूलच अडचणीत येते. म्हणून रात्रीची विश्रांती पाठीला खरोखर लाभते किंवा नाही, हे पाहणे चैनीचे नसून गरजेचे आहे.

पाठीचा कणा आणि रात्रीची विश्रांती

पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीमागील १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके असून त्यांच्या खाली त्रिकास्थी व माकडहाड हे जोडले गेलेले भाग असतात. कणा सरळ काठीसारखा नसतो. मानेपाशी व कमरेपाशी तो पुढे झुकलेला आणि छातीमागे मागे झुकलेला असतो. ही नैसर्गिक वळणे शरीराचा भार झेलण्यासाठीच असतात. मणक्यांच्या मध्ये लवचिक चकत्या असतात. बोलीत ‘मणक्यातील गादी सरकली’ असे म्हणतात, ती गादी म्हणजे हीच चकती.

या चकत्यांना प्रौढ वयात जवळजवळ रक्तवाहिन्या नसतात. त्यांचे पोषण आसपासच्या भागातून झिरपणाऱ्या द्रवावर चालते. दिवसभर शरीराच्या भाराने चकत्यांतील थोडे पाणी बाहेर दाबले जाते आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा शोषले जाते. यामुळेच माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे एक ते दोन सेंटिमीटर उंच भरतो. स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. उभे असतानाचा दाब १०० मानल्यास पाठीवर निजले असता तो सुमारे २५ भरतो, असे त्यांच्या मोजणीतून दिसून आले. चकत्यांना दिवसाकाठी मिळणारी खरी उसंत ही अशी रात्रीचीच असते. अंथरूण वेडेवाकडे असेल तर कण्याभोवतीचे स्नायू झोपेतही ताणलेले राहतात आणि ही उसंत अपुरी पडते.

फळीवर निजावे काय?

कंबरदुखीच्या रोग्याने लाकडी फळीवर किंवा उघड्या जमिनीवर निजावे, असा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला गेला आहे. खोल खळगा पडलेल्या अंथरुणापेक्षा सपाट जागा बरी, एवढे तथ्य त्यात आहे. परंतु फळीवर पाठ टेकली की खांदे आणि नितंब यांवरच सगळा भार येतो व कमरेखालची पोकळी अधांतरी राहते. कुशीवर निजल्यास खांद्याचे व कमरेचे हाड दुखू लागते. परिणामी माणूस रात्रभर कूस बदलत राहतो.

या समजाची शास्त्रीय परीक्षा स्पेनमध्ये झाली. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी देण्यात आली. कोणाला कोणती गादी मिळाली हे रोग्यांना किंवा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांच्या वेदना व हालचालीतील अडचण अधिक कमी झाल्याचे आढळले. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अगदी मऊही नव्हे आणि दगडासारखी कडकही नव्हे, अशी मधली गादी बहुतेकांना मानवते, हाच याचा सारांश होय.

‘कंबर धरली की पंधरा दिवस अंथरूण सोडू नये’ हा दुसरा समजही तपासला गेला आहे. १९८६ साली अमेरिकेतील एका अभ्यासात सात दिवसांऐवजी दोनच दिवस विश्रांती सांगितलेल्या रोग्यांच्या कामाचे दिवस लक्षणीय प्रमाणात कमी बुडाले आणि प्रकृतीत कोणतीही उणीव राहिली नाही. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात तर झेपेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे रोगी सर्वांत लवकर बरे झाले. गादी ही रात्रीच्या झोपेसाठी आहे, दिवसभर पडून राहण्यासाठी नाही. साध्या कंबरदुखीत चालणे-फिरणे आणि हळूहळू वाढविलेला व्यायाम यांची जागा कोणतीही गादी घेऊ शकत नाही.

गादीचे प्रकार व त्यांचे गुणदोष

कापसाची गादी : विदर्भ, खानदेश व मराठवाडा या कापूस पिकविणाऱ्या भागांत हीच गादी सर्वांच्या ओळखीची आहे. ती हवेशीर असते, घामाचा ओलावा शोषते, दुरुस्त होऊ शकते आणि मुळातच बेताची कडक असते. कालांतराने तंतू दाबले जाऊन तिचे गठ्ठे होतात, हा तिचा दोष. परंतु पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून पुन्हा भरून घेतल्यास जुनी गादी जवळजवळ नव्याचे काम देते. ही सोय इतर कोणत्याही गादीत नाही. सावरीचा कापूस फार मऊ असल्याने तो उशीसाठी योग्य ठरतो. दुखऱ्या पाठीखाली एकट्या सावरीची गादी दबून जाते.

काथ्याची गादी : नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून तयार केलेली ही गादी टणक व हवेशीर असते. ती दमट हवेतही बरी टिकते, मात्र मुरलेले पाणी तिला मानवत नाही. घडी घातल्यास तिचे थर मोडतात. काही वर्षांनी निजण्याच्या जागी ती दबते व मग सुधारता येत नाही. हलक्या बांध्याच्या व्यक्तीला निव्वळ काथ्याची गादी कडक वाटते. तिच्यावर पातळ कापसाची गादी किंवा जाड गोधडी घातल्यास चांगला मेळ बसतो.

फोमची गादी : ही वजनाला हलकी व हाताळायला सोपी असते. हिचा टिकाऊपणा जाडीवर नव्हे, तर घनतेवर अवलंबून असतो. हलक्या प्रतीचा फोम थोड्याच महिन्यांत कमरेखाली बसतो. दाब व उष्णता यांनुसार आकार घेणारा ‘मेमरी फोम’ १९६६ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेसाठी आसनांच्या संशोधनातून निघाला. तो अंगाशी जुळवून घेतो. पण उष्णतेने अधिक मऊ होतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो. आपल्याकडील उन्हाळ्यात हे दोन्ही गुण अडचणीचे ठरू शकतात.

रबराची व स्प्रिंगची गादी : नैसर्गिक रबराची गादी लवचिक व टिकाऊ असते, पण वजनदार व महाग पडते. स्प्रिंगच्या गादीत हवा खेळती राहते. स्प्रिंगा सैल झाल्या किंवा करकरू लागल्या की तिचा आधार गेला असे समजावे.

वेष्टनावर ‘ऑर्थोपेडिक’ असा शब्द छापलेला असला तरी तो वैद्यकीय परीक्षेचा पुरावा नव्हे. रबरयुक्त काथ्या आणि गादीचा फोम यांसाठी भारतीय मानके ठरविण्यात आली आहेत. गादीच्या साहित्यावर मानक चिन्ह आहे काय, हमी किती वर्षांची आहे आणि किती खळगा पडल्यास ती लागू होते, हे विचारणे अधिक उपयुक्त होय.

निवड करताना घ्यावयाची परीक्षा

दुकानात गादी हाताने दाबून पाहणे पुरेसे नाही. तिच्यावर निदान दहा मिनिटे निजून पाहावे. पुढील कसोट्या घरच्या गादीलाही लावता येतात.

१. पाठीवर निजून कमरेखालच्या पोकळीत तळहात सरकवावा. हात आरपार सैल फिरत असेल तर गादी फार कडक आहे. हात घालणेच अवघड जात असेल तर ती फार मऊ आहे. हात थोड्या प्रयत्नाने जात असेल आणि कमरेला खालून आधार जाणवत असेल, तर ती योग्य समजावी.

२. कुशीवर निजून दुसऱ्या व्यक्तीला मागून पाहण्यास सांगावे. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेषा साधारण सरळ दिसली पाहिजे. कंबर खाली झोळीसारखी लोंबकळू नये किंवा खांदा वर उचलला जाऊ नये.

३. कूस बदलून पाहावी. त्यासाठी अंग उचलून धडपड करावी लागत असेल तर गादी शरीराला गिळते आहे असे समजावे.

४. कडेला बसून दोन्ही पाय खाली सोडावेत. पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा फार वर येता कामा नयेत. वृद्धांना व गुडघेदुखी असलेल्यांना जमिनीवरच्या अंथरुणातून उठताना कमरेवर मोठा ताण येतो. त्यांना बेताच्या उंचीची खाट द्यावी.

वजनदार व्यक्तीला अधिक घट्ट व जाड, तर हलक्या व्यक्तीला किंचित मऊ गादी लागते. पती-पत्नींच्या वजनात मोठा फरक असल्यास एकाच रुंद गादीऐवजी शेजारी ठेवलेल्या दोन स्वतंत्र गाद्या सोयीच्या पडतात. तान्ह्या बाळासाठी मात्र हा विचार लागू नाही. त्याचे अंथरूण सपाट व घट्टच असावे, त्यावर उशी वा मऊ दुलया नसाव्यात. मऊ गादीत तोंड रुतून श्वास कोंडण्याचा धोका असतो.

नवी गादी घेण्यापूर्वी

पुष्कळदा दोष गादीत नसून तिच्या खालच्या आधारात असतो. बाजेचे सुंभ किंवा पलंगाची नवार सैल झाली की वरची गादी कितीही उत्तम असली तरी झोळी होतेच. पायथ्याकडील दोऱ्या ताणून घेणे किंवा नवार पुन्हा विणून घेणे हा थोड्या खर्चाचा उपाय आधी करावा. लाकडी पट्ट्यांच्या पलंगात एखादी पट्टी मोडली असल्यास बदलावी. पट्ट्यांमधील अंतर चार बोटांहून अधिक असल्यास फोमची गादी त्यात धसते.

गादी मध्येच दबली असेल तर काही दिवस ती फळीवर किंवा जमिनीवर घालून निजून पाहावे. तेवढ्याने आराम पडला तर दोष आधाराचा होता. गादी फार कडक वाटत असेल तर वर दोन जाड गोधड्या घालून पाहाव्यात. जमिनीवर निजणाऱ्यांनी फक्त सतरंजीवर न निजता तिच्यावर कापसाची पातळ गादी किंवा चार-पाच पदरी गोधडी घ्यावी. जमिनीचा ओलावा वर येऊ नये म्हणून सर्वांत खाली चटई असावी.

निजण्याची व उठण्याची रीत

पाठीवर निजताना गुडघ्यांखाली आणि कुशीवर निजताना दोन्ही गुडघ्यांमध्ये एखादी उशी किंवा घडी केलेले कांबळे घेतल्यास कमरेचा ताण उतरतो. पालथे निजल्याने मान एका बाजूला वळलेली राहते, म्हणून ती सवय सोडणे इष्ट. डोक्याखालची उशी पाठीवर निजणाऱ्यासाठी पातळ आणि कुशीवर निजणाऱ्यासाठी खांदा व कान यांमधील अंतर भरून काढील एवढी जाड असावी.

सकाळी उठताना सरळ बसते होऊ नये. आधी कुशीवर वळावे, पाय कडेवरून खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने उठावे. रात्रभर पाणी शोषून चकत्या त्या वेळी फुगलेल्या असतात व वाकताना त्यांवर अधिक ताण येतो. म्हणून उठल्याबरोबर वाकून केर काढणे, भरलेली घागर उचलणे किंवा गोठ्यातील जड कामाला लागणे टाळून थोडा वेळ चालण्याची हलकी कामे आधी करावीत.

गादीची निगा

कापसाची गादी पंधरा दिवसांतून एकदा कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावी व काठीने झोडपावी. उन्हाने ओलावा जातो, तंतू फुगतात आणि वास नाहीसा होतो. धुळीतील सूक्ष्म किडी ओलसर अंथरुणात वाढतात व दमा असलेल्यांना त्यांचा त्रास होतो; म्हणून चादरी व अभ्रे दर आठवड्याला धुवावेत, शक्य तेथे गरम पाण्याने. कोकणासारख्या दमट भागात पावसाळ्यात गादी भिंतीपासून दूर ठेवावी आणि उघडीप मिळताच वारा द्यावा.

रबर व फोम यांना मात्र प्रखर ऊन मानवत नाही. उन्हाने ते पिवळे पडून त्यांचा चुरा होऊ लागतो. त्या गाद्या सावलीत, वाऱ्यावर उभ्या ठेवाव्यात. सर्वच गाद्यांना धुता येण्याजोगी सुती खोळ शिवून घ्यावी. दर तीन महिन्यांनी उशाचा भाग पायथ्याशी फिरवावा आणि उत्पादकाने मनाई केली नसेल तर गादी उलटी करावी. काथ्याची गादी दुमडू नये. कापसाची गादी दोन-तीन वर्षांनी, किंवा गोळे हाताला लागू लागताच, पिंजून घ्यावी.

सार्वजनिक खरेदीत घ्यावयाची दक्षता

वसतिगृहे, आश्रमशाळा व आरोग्य केंद्रे यांसाठी गाद्या खरेदी करताना नुसती लांबी, रुंदी व जाडी नमूद केली तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पोकळ माल पदरी पडण्याची शक्यता असते. फोमच्या गादीसाठी घनता मागणीपत्रातच लिहावी. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाड गादीचे आकारमान सुमारे ०.१७ घनमीटर भरते. दर घनमीटरला ४० किलोग्रॅम घनता असल्यास तिच्या फोमचे वजन सुमारे ६.८ किलोग्रॅम, तर २० किलोग्रॅम घनता असल्यास केवळ ३.४ किलोग्रॅम भरेल. ही तपासणी साध्या तराजूवर होऊ शकते. तथापि भुकटी मिसळूनही वजन वाढविता येते. म्हणून मानक चिन्ह पाहावे आणि गुडघ्याने दाबून सोडल्यावर गादी लगेच मूळ आकार घेते काय, हेही तपासावे.

गादीने बरे न होणारे दुखणे

बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत कमी होते. परंतु काही दुखणी गादी बदलून, शेक घेऊन किंवा चोळून बरी होत नाहीत आणि तेथे गमावलेला वेळ भरून निघत नाही. मणक्याचा क्षय हे त्याचे ठळक उदाहरण होय. रात्री वाढणारी व विश्रांतीने न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळचा ताप, घटते वजन आणि मंदावलेली भूक ही त्याची लक्षणे असू शकतात. उपचार लांबल्यास मणका खचून पाय लुळे पडू शकतात. वेळेवर निदान झाल्यास तो औषधाने बरा होतो. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे शासकीय आरोग्य संस्थांत मोफत मिळतात.

पायातील शक्ती कमी होणे, मांड्यांच्या आतील भागास बधिरता येणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ही लक्षणे दिसताच रोग्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. पडल्यानंतर किंवा वृद्ध स्त्रीला किरकोळ धक्क्यानंतर उद्भवलेली तीव्र पाठदुखी, कर्करोग होऊन गेलेल्या व्यक्तीची नवी पाठदुखी, तसेच तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा व हालचालीने कमी होणारा ताठरपणा, यांचीही डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. जो रोगी दीर्घकाळ अंथरुणाला खिळला आहे त्याच्यासाठी हवेची किंवा पाण्याची गादी उपयोगी पडते; तरी दर दोन तासांनी त्याची कूस बदलणे सुटत नाही, अन्यथा पाठीवर जखमा होतात.

गावपातळीवर करता येण्याजोगे कार्य

हे ज्ञान फार खर्चाचे नाही. शाळेच्या आरोग्य तासात कणा कसा असतो आणि ओझे कसे उचलावे हे शिक्षक प्रात्यक्षिकाने दाखवू शकतात. ग्रामसभेत वा महिला बचत गटाच्या बैठकीत तळहाताची कसोटी पाच मिनिटांत समजावून देता येते. वसतिगृहाच्या भेटीत अधिकाऱ्यांनी नोंदवही पाहण्याबरोबरच एखादी गादी उलटून पाहिली, तर मुले कशावर निजतात याचे उत्तर मिळेल. आणि एखादा गावकरी महिनोन्‌महिने पाठ धरून बसला असेल तर त्याला नव्या गादीची शिफारस करण्यापूर्वी आरोग्य केंद्राची वाट दाखविणे, हे पंचायत सदस्यांचे काम आहे. चांगले अंथरूण दिवसभराच्या कष्टाने शिणलेल्या पाठीला विसावा देते. तो विसावा पुरेसा मिळतो काय, आणि मिळूनही दुखणे का थांबत नाही, हे दोन्ही प्रश्न वेळीच विचारले गेले तर अनेक कुटुंबांचा रोज आणि काहींचे पायही वाचतील.